सुकलेलं फूल नेमकं कुठून खुडायचं?

पेटुनियाचं सुकलेलं फूल चिमटीत धरून ओढलं की पाकळ्यांचं चिकट नरसाळं सहज हातात येतं. रोप स्वच्छ दिसतं आणि काम झालंसं वाटतं. पण देठाच्या टोकाशी, हिरव्या निदलांच्या आत, इवलासा टोकदार बीजकोश तसाच राहिलेला असतो. पुढच्या कळ्या अडतात त्या त्याच्यामुळे.

फूल कोमेजतं तेही बहुतेकदा बीजाच्याच कामासाठी. परागीभवन झालं की पेटुनियाच्या फुलात इथिलीन वायू जोमानं तयार होतो आणि पाकळ्या माना टाकतात. टाकण्यापूर्वी झाड त्यांच्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्यापैकी काढून घेतं, इतकं ते काटकसरी! परागकण न मिळालेली काही ऑर्किडची फुलं मात्र कित्येक आठवडे ताजी राहतात.

बी भरू लागलं की पानांत तयार होणाऱ्या साखरेचा मोठा वाटा तिकडे वळतो. शिवाय वाढत्या बियांमधून ऑक्सिनसारखी संप्रेरकं निघतात, त्यांचाही नव्या वाढीवर वचक बसतो. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपावर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग पाहण्यासारखे आहेत. पुरेसं बी धरलं की या रोपाच्या सगळ्या शेंड्यांवर कळ्या येणं जवळपास एकाच वेळी थांबतं. शेंगा काढून टाकल्या, तर थांबलेले शेंडे पुन्हा फुलू लागतात. बी न धरणारी वांझ रोपं तर कितीतरी जास्त काळ फुलत राहतात.

तेव्हा खुडायचं ते बीजकोशासकट. झेंडूच्या वाळल्या पाकळ्यांखालचा फुगीर हिरवा पेला उकलून पाहा: आत काळ्या, बारीक काड्यांसारख्या बिया दाटीवाटीनं बसलेल्या दिसतील. हा पेला देठासह काढायचा. गुलाबाला कात्री लावावी ती निरोगी पानाच्या जरा वर, कारण त्या पानाच्या बगलेत नव्या फांदीचा डोळा असतो. वरचा शेंडा गेला की तो जागा होतो. उगाच हातभर फांदी मात्र कापू नये. साखर करणारी पानंच कमी झाली तर कळ्या पोसणार कशावर?

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. वर्षातून एकदाच फुलणारा गुलाब कितीही खुडला तरी पुन्हा बहरत नाही. शेवंतीच्या बहुतेक जाती कळ्या धरतात त्या रात्र लांबल्यावर, तिथं कात्रीचं काही चालत नाही. ज्या भरगच्च फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यांना बी क्वचितच धरतं. तिथली खुडणी मुख्यतः शोभेसाठी, किंवा ओल्या पाकळ्यांवर बुरशी चढू नये म्हणून.

बी हवं असेल तर हंगामाच्या शेवटी दोन-चार फुलं झाडावरच वाळू द्यावीत. फक्त संकरित वाणाच्या बियांतून तसंच फूल येईल याची खात्री नसते.