कंपोस्टेबल पिशव्यांसाठी सीपीसीबीचे प्रमाणपत्र: पात्रता, चाचणी आणि कागदपत्रे

मका किंवा उसापासून केलेला कच्चा माल वापरला, एवढ्यावर पिशवी कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्टमध्ये पूर्ण कुजणारी, ठरत नाही. उसाच्या इथेनॉलपासून बनवलेले पॉलिएथिलीन साध्या पॉलिएथिलीनइतकेच न कुजणारे असते. उलट पीबॅट हे कुजणारे पॉलिमर बहुधा खनिज तेलापासून येते, तरी ते कुजते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे सीपीसीबी, कच्चा माल कुठून आला ते विचारात घेत नाही. वस्तू कंपोस्टेबल प्लास्टिकच्या आयएस/आयएसओ १७०८८ मानकात बसते का, एवढेच पाहते.

कोणाला लागते?
प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कंपोस्टेबल पिशव्या बनवणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही माल बाजारात आणण्याआधी हे प्रमाणपत्र घ्यायचे असते. उत्पादकाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स भिंतीवर लावून विक्रेत्याचे भागत नाही. पिशव्यांना १२० मायक्रॉन किमान जाडीच्या अटीतून आणि इतर वस्तूंना १ जुलै २०२२ पासूनच्या एकल वापर प्लास्टिकच्या बंदीतून मिळणारी सूट कंपोस्टेबल मालाला आहे. साध्या प्लास्टिकमध्ये 'विघटनकारी' मिश्रक घालून बनवलेल्या मालासाठी या प्रमाणपत्राचा अर्ज करू नये. त्याचे तुकडे पडतात, कंपोस्ट होत नाही.

चाचणी
खरा वेळ इथे जातो. नमुना सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) मान्य प्रयोगशाळेत द्यावा लागतो. जैवविघटनाच्या चाचणीत सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, पक्व कंपोस्टमध्ये, नमुन्यातल्या कार्बनचा किती भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो ते मोजतात. जास्तीत जास्त १८० दिवसांत ९० टक्के गाठावे लागतात. सोबत सेल्युलोजचा संदर्भ नमुना असतो. तो ४५ दिवसांत ७० टक्क्यांच्या पुढे गेला नाही तर कंपोस्टच कमजोर आहे असे समजून चाचणी बाद होते, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. दुसरी चाचणी तुकडे होण्याची: १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त काही उरता कामा नये. शिवाय जड धातू तपासतात, आणि त्या कंपोस्टमध्ये बी रुजते का तेही पाहतात.

घोळ होतो तो जाडीचा. तुकडे होण्याचा निकाल तपासलेल्या जाडीपर्यंतच लागू असतो. ३० मायक्रॉनचा नमुना देऊन ५० मायक्रॉनचा माल विकता येत नाही, म्हणून नमुना सर्वांत जाड मालाचा द्यावा, आणि छपाई असलेलाच द्यावा. शाई आणि रंगाचा मास्टरबॅचही (प्लास्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाणे) घटकांतच मोडतात. १ टक्क्याहून कमी असलेल्या घटकाचे विघटन वेगळे सिद्ध करावे लागत नाही, पण असे सगळे घटक मिळून ५ टक्क्यांच्या आत हवेत.

कागदपत्रे
- राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे वैध संमतीपत्र (कारखाना चालवण्याची परवानगी)
- चाचणी अहवाल
- कच्च्या मालाचा ग्रेड आणि पुरवठादाराची कागदपत्रे
- उत्पादन प्रक्रियेचा आराखडा आणि यंत्रसामग्रीची क्षमता
- जीएसटी व उद्योग नोंदणी
- विक्रेत्यासाठी: प्रमाणित उत्पादकाशी झालेला करार आणि त्याचे प्रमाणपत्र

अर्ज सीपीसीबीकडे जातो, राज्य मंडळाकडे नाही. त्रुटीपत्र येण्याची कारणे बहुधा क्षुल्लक असतात. अहवालावर कंपनीचे नाव एक, संमतीपत्रावर दुसरे; गाळा क्रमांक जुळत नाही; संमतीपत्रात 'प्लास्टिक पिशव्या' लिहिले आहे पण कंपोस्टेबलचा उल्लेख नाही. हा शेवटचा मुद्दा आधी मंडळाकडून दुरुस्त करून घ्यावा, चाचणी चालू असताना ते होऊन जाते. राळ (रेझिन, म्हणजे कच्चे प्लास्टिक) पुरवठादाराचे परदेशी प्रमाणपत्र जोडायला हरकत नाही, पण ते राळेचे असते, तुमच्या पिशवीचे नव्हे.

मिळाल्यानंतर
पिशवीवर 'कंपोस्टेबल' हा शब्द, उत्पादकाचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक छापावा लागतो. ईपीआरमध्ये, म्हणजे आपल्या प्लास्टिक कचऱ्याच्या विल्हेवाटीची उत्पादकावर असलेल्या जबाबदारीत, कंपोस्टेबल पिशव्या आणि वेष्टने चौथ्या प्रवर्गात येतात. त्याची नोंदणी वेगळ्या पोर्टलवर स्वतंत्रपणे करावी लागते, या प्रमाणपत्रात ती धरलेली नसते. कच्च्या मालाचा ग्रेड किंवा मिश्रणाचे प्रमाण बदलायचे असेल तर आधी सीपीसीबीला कळवावे, कारण जुना अहवाल जुन्या मिश्रणाचा असतो.