भूमिगत कोळसा खाणीतलं पाणी आणि भूजलाची मोजणी

भूमिगत कोळसा खाणीत छतातून, भेगांतून, बाजूच्या जुन्या कामांतून (कोळसा काढून सोडून दिलेल्या पोकळ्यांतून) जे पाणी झिरपत येतं त्याला खाणीचं पाणी किंवा माइन वॉटर म्हणतात. ते उपसून वर आणायचं, साफ करून वापरायचं आणि त्याच वेळी आजूबाजूच्या गावांतल्या विहिरींची पातळी मोजत राहायची, ही दोन्ही कामं खरं तर एकच आहेत, कारण खाली उपसलेलं पाणी कुठून तरी वरूनच आलेलं असतं. कित्येक खाणींत एक टन कोळशामागे टनापेक्षा जास्त पाणी वर काढावं लागतं.

विदर्भातलं उदाहरण घेऊ. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ भागातल्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वेकोलिच्या (स्थापना १९७५, मुख्यालय नागपूर). इथला कोळसा गोंडवाना नावाच्या फार प्राचीन काळातल्या, बराकर म्हणतात त्या खडकाच्या थरांत आहे आणि त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म (वाळूचा खडक) आहे, हे नावच नागपूरजवळच्या कामठीवरून पडलंय. हा वालुकाश्म पाणी चांगलं धरतो, म्हणून शेतकऱ्याच्या बोअरला तो वरदान आणि खाणीला डोकेदुखी. बोर्ड अँड पिलर पद्धतीत आधी कोळशाचेच खांब ठेवून बाकीचा कोळसा काढतात तोवर पाणी बेताचं येतं, पण नंतर डिपिलरिंग करताना खांब काढले की मागची पोकळी, म्हणजे गोफ, खाली बसतो, भेगा वर चढतात आणि त्या पाणीवाल्या थरापर्यंत पोचल्या तर आवक एकदम वाढते. म्हणून जिथे वर नदी, नाला किंवा वस्ती आहे तिथे पोकळीत वाळू भरतात (स्टोइंग), नाहीतर खांब तसेच सोडतात.

पाणी उताराच्या बाजूला, म्हणजे डिपला, जमतं. तिथून छोटे पंप ते मेन संपात, म्हणजे पाणी साठवायच्या मुख्य खड्ड्यात, टाकतात आणि मोठे पंप टप्प्याटप्प्याने वर. संप एवढा मोठा हवा की लाइट गेली तरी काही तास पाणी त्यात मावेल. पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारा कामगार, कोणता पंप किती तास चालला ते लिहून ठेवतो, त्यावरून रोजच्या उपशाचा अंदाज निघतो, पण पंप जुना झाला की त्याच्या पाटीवर लिहिलेलं पाणी तो देत नाही, म्हणून वरच्या नालीत व्ही-नॉच (व्ही आकाराची खाच असलेली पट्टी) किंवा पाइपला फ्लो मीटर लावून मोजलेलाच आकडा धरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

भूजलाची मोजणी साधारण वर्षातून चार वेळा होते, जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. गावातल्या उघड्या विहिरी आणि पातळी मोजायलाच मुद्दाम खोदलेले अरुंद बोअर, म्हणजे पीझोमीटर, दोन्ही मोजतात. काम दिसायला सोपं, टेप सोडायचा आणि वाचायचा, पण चुका इथेच होतात. कठड्यावरून मोजलं तर कठड्याची उंची वजा करायची, विहिरीवरची मोटर काही तास आधीपासून बंद हवी, आणि पीझोमीटरची जाळी एकाच थरासमोर ठेवून वरचा भाग सिमेंट किंवा बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या मातीने) बंद केलेला हवा, नाहीतर दोन थरांचं पाणी मिसळतं आणि जो आकडा येतो तो कुठल्याच थराचा नसतो. वरच्या मातीतली, मुरमातली विहीर भरलेली आणि खालच्या वालुकाश्मातली पातळी कित्येक मीटर खाली गेलेली, असं एकाच गावात दिसू शकतं. म्हणून नुसत्या विहिरी मोजून खाणीचा काही परिणाम नाही असं म्हणणं बरोबर नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजणी खाण सुरू व्हायच्या आधीपासून हवी. विहीर आटली की गाव म्हणतं खाणीमुळे, खाण म्हणते पाऊस कमी झाला, संत्र्याच्या बागांचा उपसा वाढला. दोन्ही खरं असू शकतं. आधीची काही वर्षं, पाऊस आणि लांबच्या एखाद्या विहिरीचे आकडे शेजारी ठेवले तरच फरक कळतो, आणि ते आकडे ग्रामपंचायतीत लावले पाहिजेत, कारण पाणी त्यांचं आहे.

सुरक्षेच्या बाजूने सगळ्यात घातक असतं ते जुन्या कामांत साठलेलं पाणी. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो दाब, त्यामुळे १०० मीटर उंचीचा साठा मागे असला तर पातळ भिंत टिकत नाही. धनबादजवळच्या चासनाळा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला असंच साठलेलं पाणी घुसलं आणि ३७५ कामगार गेले. पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी घुसून कामगार अडकले, तेव्हा खाण अभियंते जसवंत सिंग गिल यांनी वरून बोअर मारून कॅप्सूलमधून ६५ जणांना बाहेर काढलं. म्हणूनच पाणी साठलेल्या जुन्या कामांपासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही आणि परवानगी मिळाली तरी पुढे भोकं मारून चाचपत जावं लागतं, कारण जुने नकाशे चुकीचे असू शकतात. खाणीचं तोंडही सर्वोच्च पूररेषेपेक्षा किमान १.५ मीटर वर हवं, वर्धा आणि इरई नद्यांच्या काठी हे विसरून चालत नाही.

वर आलेलं पाणी सेटलिंग टँकमध्ये ठेवून गाळ बसवतात. गोंडवाना कोळशात गंधक बहुतेक कमी, म्हणून पाणी ईशान्येकडच्या खाणींसारखं आम्लधर्मी सहसा नसतं, पण जडपणा, सल्फेट, लोह तपासावंच लागतं. मग ते धूळ दाबायला, स्टोइंगला, कॉलनीला, शेतीला जातं. सावनेर तालुक्यात पाटणसावंगी खाणीच्या पाण्यावर आरओ प्लांट बसवून वेकोलिने ‘कोल नीर’ नावाचं बाटलीबंद पाणी काढलं.

खाण बंद झाली, पंप थांबले की पोकळी हळूहळू भरत जाते, पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं कारण उघड्या पडलेल्या खडकावरचे क्षार त्यात विरघळतात. पातळी वर चढताना शेजारच्या चालू खाणीची मधली भिंत किती दाब सोसतेय हे बघायला ते पीझोमीटर बंद पडलेल्या खाणीवरही चालूच ठेवावे लागतात.