शोषखड्डा खोदण्याआधी माती बघू द्या

सेप्टिक टाकीत गाळ खाली बसतो, पण टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. ते शोषखड्ड्यात सोडतात; तिथून गाळून जिरवायचं काम मातीचं. म्हणून खड्डा किती फुटी, याआधी आम्ही प्लॉट बघतो.

जुनी गावठाणं पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेत असत. आता एनए (बिगरशेती) प्लॉट पडतात ते काळ्या रानात. तापीकाठची काळी जमीन कपाशी-केळीला झकास, शोषखड्ड्याला मात्र अवघड. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. ते ओलीत फुगतं, उन्हात आकसतं. मे महिन्यात भेगांत हात जातो, ओतलेलं पाणी झटकन गडप होतं आणि मालक खूश! आषाढात त्याच भेगा मिटतात आणि पाणी मोरीतून उलटं येतं. म्हणून कोरड्या खड्ड्यात बादली ओतून झालेली परीक्षा आम्ही मानत नाही. चाचणीचा खड्डा रात्रभर भरलेला ठेवायचा, माती फुगू द्यायची, मग पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. सेप्टिक टाकीसाठीच्या भारतीय मानक 2470 प्रमाणे 30 मिनिटांपर्यंत शोषखड्डा चालतो, 30 ते 60 असल्यास पाणी जिरवायला उथळ चर घ्यावेत. 60 च्या वर गेलं तर जमिनीच्या भरवशावर राहू नये, मग खड्डा कितीही मोठा करा.

काळीखाली मुरूम लागला तर काम सोपं होतं. पण फार झरझर जिरणंही चांगलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरकडे, गोटे-वाळूच्या थरातून किंवा भेगाळ कातळातून पाणी न गाळताच विहिरीकडे जातं. विहीर-बोअरपासून 18 मीटर अंतर हवंच. कातळात आम्ही त्याहून जास्त धरतो. शेजाऱ्याची विहीरही मोजा.

धुण्याचा सोडा आणि पावडर जपून वापरा. त्यातल्या सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि जमीन चोपणासारखी घट्ट, पाणी न जिरणारी होते. न्हाणीचं पाणी वेगळं काढून कर्दळीच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलं की खड्ड्यावरचा भार हलका होतो.

खणताना राखाडी मातीत तांबूस ठिपके दिसले तर तिथे पावसाळ्यात पाणी साचतं, जागा बदला.

प्लॉट बघायला श्रावण-भाद्रपद उत्तम. उन्हाळ्यात बोलावलंत तर दोन दिवस लागतील, आणि चाचणीचं पाणी तुम्हालाच भरून ठेवावं लागेल.