न्यूझीलंडमधील निवडणूक पद्धतीचा बदल

न्यूझीलंडने १९९३ साली जनमत घेऊन आपली निवडणूक पद्धत बदलली. ब्रिटनकडून आलेली, भारतात लोकसभेसाठी आजही चालणारी ‘ज्याची मते सर्वाधिक तो विजयी’ ही पद्धत सोडून त्या देशाने मिश्र प्रमाणशीर प्रतिनिधित्व (‘एमएमपी’) स्वीकारले. एखाद्या देशात पक्ष दोन की दहा, हे तिथल्या लोकांच्या स्वभावावर ठरते असे सर्रास म्हटले जाते. न्यूझीलंडचे मतदार मात्र तेच राहिले आणि मोजणीचा नियम बदलताच संसद बहुपक्षीय झाली.

जुन्या पद्धतीत नॅशनल आणि लेबर या दोनच पक्षांत सत्ता फिरत असे. १९७८ आणि १९८१ या दोन्ही निवडणुकांत लेबरला देशभरात अधिक मते मिळाली, पण जागा नॅशनलला जास्त मिळाल्या आणि सरकारही त्यांचेच राहिले. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते पडूनही ९२ पैकी दोनच जागा आल्या. मते मतदारसंघांत विखुरली की असे होते. भारतात २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभर सुमारे चार टक्के मते मिळाली आणि लोकसभेत एकही जागा मिळाली नाही.

बदलाची शिफारस सरकारने नेमलेल्या शाही चौकशी आयोगाने १९८६ मध्येच केली होती, पण लोक चिडले ते वेगळ्याच कारणाने. १९८४ नंतर लेबर सरकारने बाजारधार्जिण्या आर्थिक सुधारणांचा धडाका लावला. त्याला कंटाळून मतदारांनी १९९० मध्ये नॅशनलला निवडून दिले, तर त्या पक्षाने तीच वाट पुढे नेत सामाजिक भत्ते कापले. वरिष्ठ सभागृह १९५० मध्येच रद्द झालेले, एकसंध लिखित राज्यघटना नाही. एकपक्षीय सरकारला लगाम घालणारे कुणी उरले नव्हते. १९९२ च्या पहिल्या कौलात सुमारे ८५ टक्के लोकांनी बदल मागितला. १९९३ च्या बंधनकारक कौलात नवी पद्धत सुमारे ५४ विरुद्ध ४६ टक्क्यांनी मंजूर झाली.

नव्या मतपत्रिकेवर दोन रकाने असतात. डावीकडे पक्षाला मत, उजवीकडे मतदारसंघातल्या उमेदवाराला. दोन्ही मते एकाच पक्षाला द्यायलाच हवीत असे नाही. पक्षाच्या एकूण जागा डावीकडच्या मतांवर ठरतात. आधी मतदारसंघांतून निवडून आलेले मोजायचे आणि कमी पडतील तेवढे पक्षाच्या यादीतून घ्यायचे. संसदेच्या साधारण १२० जागा असतात. माओरी या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या मतदारांसाठी १८६७ पासून असलेले वेगळे मतदारसंघ या पद्धतीतही कायम आहेत.

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९९६ मध्ये झाली. सहा पक्ष संसदेत आले. १७ जागांच्या न्यूझीलंड फर्स्टचे नेते विन्स्टन पीटर्स यांनी सुमारे दोन महिने वाटाघाटी करून अखेर नॅशनलशी हातमिळवणी केली. टीकाकारांनी याला अस्थिरता म्हटले. पण कुठल्याही एका पक्षाला निम्मी मते मिळाली नसताना वाटाघाटी होणे हेच मतदारांच्या कौलाशी प्रामाणिक आहे. त्याच निवडणुकीत यादीतून पॅन्सी वाँग या पहिल्या आशियाई वंशाच्या खासदार आल्या. २०२० मध्ये तत्कालीन पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांच्या लेबरने ६५ जागा घेतल्या, म्हणजे मते असली तर या पद्धतीतही एका पक्षाला बहुमत मिळते.

पद्धतीची खरी दुखरी जागा प्रवेशाच्या अटीत आहे. यादीतल्या जागांसाठी पाच टक्के पक्षमते हवीत, किंवा निदान एक मतदारसंघ जिंकलेला हवा. २००८ मध्ये न्यूझीलंड फर्स्टला ४.०७ टक्के मते मिळाली, पण मतदारसंघ एकही नाही, म्हणून जागा शून्य. ॲक्ट पक्षाला ३.६५ टक्केच मिळाली, पण त्याने ऑकलंडमधला एप्सम मतदारसंघ जिंकला आणि त्याचे पाच खासदार झाले. एका मतदारसंघाच्या निकालावर देशभरातल्या हजारो मतांची किंमत ठरावी, हा अन्याय जुन्या पद्धतीचाच अवशेष आहे.

२०११ च्या जनमतात सुमारे ५८ टक्के लोकांनी एमएमपी कायम ठेवली. पुढच्याच वर्षी निवडणूक आयोगाने पाच टक्क्यांची अट चारवर आणावी आणि एका मतदारसंघाची सवलत काढावी असे सुचवले. सरकारने ते अमलात आणले नाही; २०२३ ची निवडणूकही जुन्याच अटींवर झाली.