चिल्लई कलान

काश्मीर खोऱ्यातील हिवाळ्याचा सर्वांत कडक असा ४० दिवसांचा काळ. तो २१ डिसेंबरला, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास सुरू होतो आणि २९ किंवा ३० जानेवारीला संपतो. त्यामागून २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचा चिल्लई बच्चा येतो. असे ७० दिवस मोजून झाले, की फेब्रुवारीअखेर हिवाळा सरला असे खोऱ्यात मानतात. प्रत्यक्षात बर्फ मार्चमध्येही पडतो. पण ही गणना हवामानापेक्षा वाट पाहणाऱ्यांच्या सोयीने बेतलेली दिसते. ४०, २०, १० असा प्रत्येक टप्पा आधीच्याच्या निम्मा आहे. सर्वांत जड हप्ता आधी फेडून टाकायचा आणि पुढचे दिवस हलके होत जाताना पाहायचे, हा या मोजणीतला दिलासा आहे. कांगडी (निखाऱ्यांचे हाती धरायचे पात्र), फेरन (सैल झगा), सुकवलेल्या भाज्या, पहाटेचा हरिसा (घोटून शिजवलेले मांस) या लहानसहान सुखसोयींचा विचार या गणनेपासून वेगळा करता येत नाही. त्यांतील बहुतेकांची तयारी शरद ऋतूत, काश्मिरी भाषेत ‘हरुद’मध्ये, झालेली असते.

हवामान : श्रीनगर समुद्रसपाटीपासून सु. १,५८५ मी. उंचीवर आहे. येथील हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे (पाऊस व बर्फ आणणाऱ्या वादळी हवेमुळे) पडतो. श्रीनगरचे आजवरचे नीचांकी तापमान −१४.४° से. हे १८९३ मधील आहे. अलीकडे २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे, म्हणजे चिल्लई कलानच्या (थोडक्यात चिल्ल्याच्या) पहिल्याच दिवशी, ते −८.५° से. पर्यंत उतरले. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता वेगाने निघून जाते आणि ढगाळ रात्री ती काही प्रमाणात अडून राहते. त्यामुळे बर्फ पडू लागला की रात्रीचा पारा उलट थोडा चढतो. खोऱ्यातील माणसाला कोरड्या गारठ्यापेक्षा बर्फ बरा वाटतो, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण पाण्याचे. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ डोंगरांवर घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात झेलम व तिच्या उपनद्यांना पुरतो. फेब्रुवारीतला बर्फ तितका टिकत नाही. म्हणून २०२३-२४ सारखा जवळजवळ कोरडा गेलेला चिल्ला शेतकऱ्याला धास्ती घालतो.

गणनेचा उगम : या बाबतीत एकमत नाही. सूफी साधकांच्या ४० दिवसांच्या एकांतसाधनेलाही चिल्लाच म्हणतात. त्यावरून थंडीने घरात कोंडलेल्या माणसाच्या स्थितीला हे नाव पडले, असे एक मत आहे. ते आकर्षक असले, तरी त्यातून २० दिवसांच्या दुसऱ्या टप्प्याचा उलगडा होत नाही. इराणी लोकपंचांगाशी केलेली तुलना अधिक फलदायी ठरते. तेथे थोरला चिल्ला दै महिन्याच्या आरंभापासून त्यापुढील बहमन महिन्याच्या दहा तारखेपर्यंत ४० दिवसांचा, आणि धाकटा चिल्ला तेथून बहमनअखेरपर्यंत २० दिवसांचा असतो. या तारखा काश्मीरच्या तारखांशी जवळजवळ जुळतात. मध्य आशियातही ४० दिवसांच्या हिवाळी चिल्ल्याची कल्पना आहे, मात्र तेथील आरंभ काही दिवस पुढे सरकलेला दिसतो. काश्मीरमध्ये चौदाव्या शतकात सल्तनत स्थापन झाली आणि झैनुल आबिदीनच्या काळात (१४२०–७०) फार्सीला दरबारात मानाचे स्थान मिळाले. ही गणना त्या सुमारास वा त्यानंतर रुजली असावी. दहा दिवसांचा ‘बच्चा’ मात्र स्थानिक भर असण्याचा संभव आहे. काश्मिरी लोकांची स्वतःची सहा ऋतूंची विभागणी (सोंथ म्हणजे वसंत, रेतकोल म्हणजे ग्रीष्म, वहरात म्हणजे वर्षा, हरुद म्हणजे शरद, वंद म्हणजे हिवाळा आणि शिशुर म्हणजे शिशिर) याहून जुनी असून ती चिल्ल्याबरोबर अजूनही नांदते.

हिवाळा संपण्याची वाट पाहण्याची, चिल्ल्याच्या गणनेहून जुनी कथा नीलमतपुराणात आहे. या ग्रंथाचा काळ सामान्यतः सहावे ते आठवे शतक असा धरतात. त्यानुसार खोऱ्यात वर्षातील सहा महिने माणसे राहत आणि थंडीचे सहा महिने पिशाच. आश्विनात माणसे खोरे सोडून जात व चैत्रात परतत. चंद्रदेव नावाचा वृद्ध ब्राह्मण मागे राहिला. त्याने नागराज नीलाकडून काही व्रते व विधी शिकून घेतले, तेव्हापासून माणसांना बाराही महिने राहता येऊ लागले. या विधींत पहिल्या हिमपाताचा उत्सवही आहे. जाड वस्त्रे पांघरून, सुहृदांसह बर्फावर बसून, गाणी ऐकत नवे मद्य प्यावे असे त्यात सांगितले आहे. थंडीशी झुंजण्याऐवजी तिच्यातच बसायला जागा करून घेण्याची ही वृत्ती इतक्या जुन्या ग्रंथात विधी म्हणून यावी, हे लक्षणीय आहे.

कांगडी : चिल्ल्यातील सर्वांत निकटची सोबत. आत मातीचे सु. १५ सेंमी. व्यासाचे वाडगे आणि बाहेर लवचिक फांद्यांची विणलेली परडी, वर धरायला कडी, अशी तिची घडण असते. वाडगे कुंभार करतो आणि विणकाम वेगळा कारागीर. चरार-ए-शरीफ, बांडीपोरा व अनंतनाग येथील कांगड्या प्रसिद्ध असून चरारची कांगडी नक्षीकामामुळे लग्नाच्या आहेरात देतात. ती भरणे हे रोजचे कसबाचे काम आहे. तळाशी चिनारच्या वाळल्या पानांचा भुसभुशीत कोळसा किंवा सफरचंदाच्या छाटलेल्या काटक्यांचा कोळसा दाबून घालतात, त्यावर चुलीतले दोनचार रसरशीत निखारे आणि सर्वांत वर राखेचा थर. राख जाड झाली की विस्तव गुदमरतो, पातळ राहिली की दुपारच्या आत सगळे जळून जाते. परडीला दोऱ्याने बांधलेली लाकडी किंवा धातूची छोटी उलथणी (चालन) मधूनमधून फिरवून राख सारतात, की खालचा विस्तव पुन्हा वर डोकावतो. नीट भरलेली कांगडी सहा तास व त्याहून अधिक ऊब देते. फेरनच्या आत पोटाशी धरून लोक चालतात, दुकानात बसतात, गप्पा मारतात.

तिच्या उगमाविषयी बरेच लिहिले गेले आहे. मोगल बादशहांच्या लवाजम्यातील इटालियन लोकांकडून काश्मिरींनी ती उचलली, हे मत एकोणिसाव्या शतकातील युरोपीय लेखनात येते आणि आजही उद्धृत होते. त्याचा आधार मुख्यतः साम्याचा आहे. इटलीतील स्काल्दिनो ही मातीची, कडीची निखारापात्री कांगडीसारखीच हाती धरतात. अकबराने काश्मीर १५८६ मध्ये जिंकले. १५९७ च्या त्याच्या काश्मीर भेटीत सोबत असलेल्या ज्ञात युरोपीयांपैकी जेझुइट धर्मप्रसारक जेरोम झेव्हियर हा स्पेनमधील नावारचा व बेंतो द गोइश हा पोर्तुगीज होता. इटालियन मंडळींनी लोकव्यवहार बदलावा असा पुरावा पुढे आलेला नाही. उलट अमरकोशात अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती व हसनी असे निखारापात्राचे चार पर्याय आहेत. बाराव्या शतकातील काश्मिरी कवी मंख याच्या श्रीकंठचरितात हसंतिका येते. ‘काष्ठांगारिका’ या संस्कृत शब्दापासून कांगडीचे नाव साधले असावे, असेही सुचवले गेले आहे. यावर आक्षेप असा, की हसंतिका म्हणजे जमिनीवर ठेवायची शेगडीही असू शकेल. परडीत बसवलेले, अंगाशी धरायचे पात्र त्या शब्दाने सिद्ध होत नाही. हा आक्षेप रास्त आहे. तरीही निखारे पात्रात घालून थंडी काढण्याची काश्मीरमधील रीत मोगलांच्या आधीची आहे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. परडीची जोड केव्हा मिळाली हा त्यातला खरा खुला प्रश्न होय.

कांगडीचे वैद्यकीय दुष्परिणाम उत्तम रीतीने नोंदले गेले आहेत. मिशनरी डॉक्टर विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ मध्ये काश्मिरी रुग्णांच्या मांड्या व ओटीपोट यांवरील त्वचेच्या कर्करोगाचा कांगडीशी संबंध दाखवला. पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील अर्नेस्ट नीव्ह यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास करून १९२३ मध्ये लेख प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे त्याच जागी ऊब लागल्याने आधी त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडतात. त्यांतील काही ठिकाणी पुढे शल्की पेशींचा कर्करोग उद्भवतो. निव्वळ उष्णता कारण, की कोळशाच्या धुरातील द्रव्यांचाही त्यात वाटा, याविषयी मतभेद आहेत. नीव्ह यांचा भर उष्णतेवर होता. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका निराळाच. कांगडी जवळ घेऊन झोपू नये, ही घरातील वडीलधाऱ्यांची ताकीद म्हणूनच महत्त्वाची.

पेहराव व घर : फेरन हा गुडघ्याखाली पोचणारा, रुंद बाह्यांचा सैल झगा. त्याच्या आत सुती अस्तरझगा (पोछ) घालतात. हात बाह्यांतून काढून आत कांगडीवर ठेवता यावेत, इतका तो ऐसपैस असतो. जुन्या घरांत जाळीदार लाकडी खिडक्यांवर हिवाळ्यापुरता कागद चिकटवीत. मशिदींत व संपन्न घरांत हमाम असतो, म्हणजे दगडी लादीखाली जाळ करून तापवलेली खोली. नमाजानंतर म्हातारी माणसे तेथे रेंगाळतात.

अन्न : हरुदमध्ये भाज्या सुकवून ठेवण्याच्या पद्धतीला होख स्युन म्हणतात. दुधीच्या लांब पट्ट्या, देठाशी जोडून ठेवलेल्या वांग्याच्या फाका, सलगमच्या ओवलेल्या चकत्यांच्या माळा खिडक्यांना व गच्च्यांना टांगलेल्या दिसतात. टोमॅटो या यादीत उशिरा आला, पण आता तो पक्का आहे. सोबत सुकी व धुरावलेली मासळीही असते. जम्मूकडचा रस्ता बर्फाने व दरडींनी बंद झाला की हाच साठा उपयोगी पडे. १९५६ मधील जवाहर बोगदा, २०२१ मध्ये सुरू झालेला सु. ८.५ किमी.चा नवयुग बोगदा आणि जून २०२५ पासून श्रीनगरपर्यंत धावणारी रेल्वे यांमुळे ती निकड कमी झाली. तरी चिल्ल्यात होख स्युन शिजतेच. निकड संपल्यावर चव उरली.

हरिसा हा पहाटेचा पदार्थ. मेंढीचे मांस, थोडा तांदूळ, बडीशेप, दालचिनी व वेलदोडे जमिनीत बसवलेल्या मोठ्या भांड्यात रात्रभर शिजवून हाडे काढतात आणि घोटून एकजीव करतात. वर कडकडीत तेल ओतून ताज्या रोटीबरोबर तो खातात. श्रीनगरच्या जुन्या भागात, विशेषतः आली कदलच्या परिसरात, उजाडण्यापूर्वी गिऱ्हाईक जमते आणि सकाळ वर चढेपर्यंत भांडे रिकामे होते. दहाव्या शतकातील बगदादच्या पाकग्रंथात हरिसा आढळतो. तेथे मुख्य धान्य गहू असून काश्मीरमध्ये त्याची जागा तांदळाने घेतली. मीठ व चिमूटभर सोडा घालून बराच वेळ उकळलेला, दूध पडताच गुलाबी होणारा नून चाय दिवसभर चालू असतो.

सण व संकेत : पहिला बर्फ पडताच त्याचा तुकडा पुडीत लपवून दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि ‘नव शीन’ (नवा बर्फ) झाल्याचे सांगायचे, असा खेळ आहे; फसलेल्याने मेजवानी द्यायची. पौष अमावास्येला (महाराष्ट्रातील पंचांगानुसार मार्गशीर्ष अमावास्येला) पंडित (काश्मिरी हिंदू) घरांत यक्षासाठी खिचडी काढून ठेवतात. शिशुर संक्रांतीला गतपूर्वजांच्या नावे निखाऱ्यांसह कांगडी दान करतात. नव्या सुनेच्या पहिल्या हिवाळ्यात शिशुरचा विधी होतो, तान्ह्या बाळालाही तो करतात.

फाल्गुन वद्य त्रयोदशीचा (महाराष्ट्रातील पंचांगानुसार माघ वद्य त्रयोदशीचा) हेरथ, म्हणजे काश्मिरी शिवरात्र, हा हिवाळ्याच्या निरोपाचा सण. त्या दिवशी बर्फ पडणारच, अशी जुनी श्रद्धा आहे. शेवटचा अफगाण सुभेदार जब्बार खान (१८१९) याने ही श्रद्धा खोटी पाडण्यासाठी हेरथ आषाढात करण्यास फर्मावले आणि तेव्हाही बर्फ पडला, अशी आख्यायिका आहे. त्या जब्बारने आषाढाचाही हिवाळा केला, अशा अर्थाची म्हण त्यावरून रूढ झाली. मार्चच्या मध्यावर सोंथच्या सकाळी तांदूळ, अक्रोड, लेखणी, आरसा इत्यादींनी भरलेला थाळ प्रथम पाहतात, आणि त्याच सुमारास हरी पर्बतच्या पायथ्याची बदामवारी फुलते.

सद्यःस्थिती : विजेवरची पांघरुणे, गॅसच्या शेगड्या व पत्र्याच्या बुखाऱ्या (जळणावरच्या शेगड्या) आता घरोघर आहेत, पण ऐन चिल्ल्यात वीज वारंवार जाते आणि कांगडी पुन्हा हाती येते. २१ डिसेंबर हा अलीकडे फेरन दिन म्हणूनही साजरा होतो. १९९० नंतर जम्मू, दिल्ली व अन्यत्र गेलेल्या पंडित कुटुंबांत शिशुर, खिचडी व हेरथ हे विधी पाळले जातात. तेथे थंडी फारशी नसते, तरी संक्रांतीच्या दानासाठी कांगडी बाजारातून मुद्दाम आणली जाते.