नवं कार्ड टाकलं, तरी गेम का अटकतो?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची जोडी जुळवण्याविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“भाऊ, कार्ड नवीन टाकलं तरी गेम अटकूनच राहिला न!” दिवाळीनंतर आणि कॉलेज सुरू व्हायच्या दिवसांत नागपुरात बर्डीवरच्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. कार्ड तपासलं तर बहुतेक वेळा ते ठणठणीत असतं. त्याला पुरेसं काम मिळत नसतं, एवढंच. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेऊन दिलेलं कार्ड कॅबिनेटमध्ये अर्धा वेळ रिकामं बसलेलं आम्हाला बघवत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे. खरेदी आमच्याकडून करा किंवा आणखी कुठून, पण पैसे मोजायच्या आधी हे वाचा.

कोण काय करतं

गेममधलं प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोघं मिळून तयार करतात. तुम्ही माऊस कुठे फिरवला, समोरचा खेळाडू कुठे पळाला, गोळी कुणाला लागली, गाडी धडकली तर कुठे जाऊन पडेल, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि काय काय काढायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्या यादीवरून पडद्यावरच्या एकेका ठिपक्याचा रंग काढतं. कार्ड एक फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो. दोघांचं काम असं सोबतच चालतं, त्यामुळे वेग ठरतो तो दोघांत जो हळू आहे त्याच्यावर.

एक हिशेब मांडून बघा. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला १४ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ७. कार्डाच्या दमावर सेकंदाला १४२ फ्रेम निघाल्या असत्या. पण यादीच दर १४ मिलिसेकंदांनी येते, म्हणून पडद्यावर ७१ दिसतात. आता ते कार्ड काढून दुप्पट महागाचं टाका, जे ४ मिलिसेकंदांत काम उरकतं. पडद्यावर किती? ७१च. आधी कार्ड अर्धा वेळ बसून होतं, आता त्याहून जास्त वेळ बसेल.

उलटंही होतं. फोर-के, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांच्या पडद्यावर कार्डाला एका फ्रेमला २५ मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ४० फ्रेम. तिथे बाजारातला सगळ्यात भारी प्रोसेसर आणून बसवला तरी ४०च राहणार.

“या प्रोसेसरला हे कार्ड चालेल का?”

हा प्रश्न रोज येतो, आणि दोनच नावं सांगितली तर त्याला उत्तर देता येत नाही. मॉनिटर कोणता आणि गेम कोणता, हे कळल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

१९२० बाय १०८० च्या, म्हणजे फुल एचडी पडद्यावर साधारण २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४० ला ३६.९ लाख आणि फोर-केला ८२.९ लाख. म्हणजे फुल एचडीवरून फोर-केवर गेलात की कार्डाला चौपट ठिपके रंगवावे लागतात. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण शत्रू तेवढेच आणि गोळ्याही तेवढ्याच. त्यामुळे फुल एचडीवर प्रोसेसरमुळे अडणारी जोडी फोर-केवर कार्डामुळे अडते. जोडी तीच, अडणारा बदलला.

गेमचंही तसंच आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणारी मुलं सेटिंग मुद्दाम कमी ठेवतात, कारण त्यांना जास्तीत जास्त फ्रेम हव्या असतात. कार्डावर भार कमी पडतो आणि सगळा ताण प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश आणि सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब, चालू केलं की मध्यम ताकदीचं कार्ड आधी घामाघूम होतं. म्हणून ‘तुमच्या जोडीत इतके टक्के बॉटलनेक (म्हणजे अडवणूक) आहे’ असा एकच आकडा काढून देणाऱ्या ज्या वेबसाइट आहेत, त्यांच्या भरवशावर खरेदी करू नका. तुमचा गेम कोणत्या सेटिंगवर चालतो, हे त्या एका आकड्यात कुठेच येत नाही.

मॉनिटर किती हर्ट्‌झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तेही बघा. ६० हर्ट्‌झ असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार झाली की पुरे, आणि तेवढं काम बरेच जुने प्रोसेसरही करतात. १४४ हर्ट्‌झ पुरेपूर वापरायचा असेल तर दोघांनीही आपापलं काम ७ मिलिसेकंदांच्या आत संपवायला हवं. घरात १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आला की जुना प्रोसेसर उघडा पडतो, तो यामुळे.

घरीच कसं तपासायचं

एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, ते पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवतं. कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या एकेका रांगेचा) वापर, दोघांचं तापमान आणि फ्रेम टाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ), एवढे आकडे सुरू करा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा मात्र आधी बंद करा, नाहीतर दोघंही आरामात दिसतील आणि काहीच कळणार नाही.

मग रोज खेळता तसंच खेळा. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडवणारं कार्ड आहे. बहुतेक गेमसाठी ही चांगली स्थिती समजा: ज्या वस्तूसाठी पैसे मोजले ती पूर्ण राबते आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर लोळत असेल आणि फ्रेमही कमी असतील तर दुसरीकडे बघायला हवं.

इथे पुष्कळ जण फसतात. “प्रोसेसर तर ३० टक्केच चालतो, मग तो कसा अडवेल?” विंडोजच्या टास्क मॅनेजरचा तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. कोअर आय५ १२४०० मध्ये १२ थ्रेड आहेत. त्यातला एक थ्रेड पूर्ण भरला आणि बाकीचे मोकळे असले तर टास्क मॅनेजर जेमतेम ८ टक्के दाखवेल. गेमचं मुख्य काम बरेचदा एका-दोन थ्रेडवरच चालतं, आणि तो एक थ्रेड भरला की फ्रेम तिथेच अडते. म्हणून थ्रेडनिहाय आकडे बघा.

याहून सोपी एक परीक्षा आहे. गेमचं रिझोल्युशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर कार्ड अडवत होतं. होत्या तेवढ्याच राहिल्या तर कार्डाचा दोष नाही, नवं कार्ड घेऊ नका. याला एक पैसा लागत नाही, आणि काउंटरवर आम्हीही सगळ्यात आधी हेच करतो.

नुसत्या सरासरी फ्रेमवरही जाऊ नका. बऱ्याच फ्रेम १० मिलिसेकंदांत येतात आणि मध्येच एखादी ६० घेते, तेव्हा सरासरी छान दिसते पण हाताला झटका जाणवतो. तुम्ही ज्याला ‘अटकणं’ म्हणता ते हेच. चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग), चार थ्रेडच्या जुन्या प्रोसेसरवर हे नेहमी दिसतं, कारण मागे ब्राउझर किंवा अँटिव्हायरस जागा झाला की गेमसाठी मोकळा थ्रेडच उरत नाही.

जुना ऑफिसचा पीसी आणि त्यात दणकट कार्ड

नागपुरात सेकंडहँड ऑफिस पीसी भरपूर विकले जातात. शिकायला, टायपिंगला, टॅलीला ते उत्तम असतात. प्रश्न येतो तो त्यात मोठं कार्ड टाकताना. अशा एका पीसीचं झाकण उघडून बघा. आत २०१२ सालचा कोअर आय५ ३४७०, चार कोअर आणि चारच थ्रेड. रॅमची एकच ८ जीबीची पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा. पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं तर अडीचशे-तीनशे वॅट, आणि त्यातून कार्डाला लागणारी आठ पिनची वायर निघतच नाही. ह्यात आरटीएक्स ३०६० बसवायचं म्हणजे १७० वॅटचं कार्ड. काही जण कन्व्हर्टर लावून साटा, म्हणजे हार्ड डिस्कच्या वायरवरून वीज ओढतात. ते कृपा करून करू नका, वायर वितळते.

पॉवर सप्लाय बदलला, कार्ड चालू झालं, तरी तो प्रोसेसर नव्या गेममध्ये त्या कार्डाला पुरा पडत नाही. त्याच पैशांत लहान कार्ड आणि इंटेलचा बारावी पिढीचा आय३ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतला तर गेम कितीतरी गुळगुळीत चालेल. गिऱ्हाईक आधी नाराज होतं, कारण मनात कार्ड भरलेलं असतं. तरी आम्ही हेच सांगतो आणि पुढेही सांगत राहू.

त्या एकट्या पट्टीकडेही लक्ष द्या. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू केलेली नसेल तर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. ‘प्रोसेसर कमी पडतो’ म्हणून आलेल्या काही मशीन एवढ्या दुरुस्तीनेच सुधारतात.

कार्ड आणि मदरबोर्ड यांचंही जुळावं लागतं. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटेच्या, चारच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते ठीक चालतं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर वाट निम्मी होते, आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की फरक चांगलाच जाणवतो. रायझन ५ ५६००जी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की बोर्ड नवा असला तरी हा प्रोसेसर पीसीआयईची तिसरी पिढीच देतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते. इंटेल स्वतः दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सुचवतं. जुन्या मशीनसाठी स्वस्त पडतं म्हणून आर्क घेऊ नका.

नवतपातलं अटकणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्याची खोली दुपारी भट्टी होते. खोली जितकी तापते, साधारण तितकंच प्रोसेसरचं आणि कार्डाचं तापमानही चढतं. हिवाळ्यात ७० अंशांवर चालणारं मशीन उन्हाळ्यात ९० गाठतं, आणि मर्यादेजवळ गेलं की स्वतःच वेग कमी करतं. गिऱ्हाईकाला वाटतं जोडी जुळत नाही. रात्री नीट चालणारा गेम दुपारी अटकत असेल तर आधी तापमान बघा. धूळ साफ करणं, थर्मल पेस्ट बदलणं आणि कॅबिनेटला पुढून-मागून एकेक पंखा लावणं, यात काम भागतं. खोलीतल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. हवा गार असते, पण ओलावा आणि पाण्यातले क्षार आत जातात.

६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट किंवा त्याहून कमीच देतो. नवं कार्ड टाकल्यावर लाइट गेली की पीसी धाडकन बंद पडत असेल, तर दोष कार्डाचा नाही, यूपीएस कमी पडतो.

मग काय करायचं

प्रोसेसर अडवत असेल तर सगळं मशीन बदलायची गरज पडतेच असं नाही. बी४५० बोर्डवर पहिल्या पिढीचं रायझन असेल तर बायोस अपडेट करून त्याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो. आय३ १२१००एफ असेल तर त्याच सॉकेटमध्ये आय५ येतो. गेममध्ये गर्दीचं प्रमाण आणि लांबवरचं दृश्य कमी करा, प्रोसेसरचा भार हलका होईल. किंवा उलट करा: रिझोल्युशन आणि टेक्सचर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) वाढवा. फ्रेम तेवढ्याच राहतील, पण बसून असलेल्या कार्डाकडून चित्र तरी सुरेख मिळेल. फक्त कार्डाची मेमरी भरत नाही ना, तेवढं बघा.

गेमच्या सेटिंगमधल्या डीएलएसएस आणि एफएसआर या सोयींनी कार्डाचं ओझं कमी होतं, कारण चित्र आधी कमी ठिपक्यांत काढून मग मोठं केलं जातं. कार्ड अडवत असेल तर याचा मोठा फायदा आहे. प्रोसेसर अडवत असेल तर जवळपास काहीच नाही. फ्रेम जनरेशन मधल्या फ्रेम स्वतः तयार करून आकडा वाढवतं, पण माऊसचा प्रतिसाद त्या प्रमाणात वेगवान होत नाही. नेमबाजीच्या गेममध्ये हे लगेच कळतं.

आणि एक फार साधी गोष्ट. मॉनिटरची वायर कार्डालाच लावली आहे ना? मदरबोर्डच्या पोर्टला लावली असेल तर गेम बहुधा प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर चालत असतो आणि नवं कार्ड शेजारी नुसतं बसलेलं असतं.

दुकानात येताना

मॉनिटरचं मॉडेल आणि त्याचे हर्ट्‌झ, पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो आणि तुम्ही खरंच खेळता त्या दोन-तीन गेमची नावं आणा. शक्य असेल तर कॅबिनेटच घेऊन या. आमच्याकडचं कार्ड तुमच्या मशीनमध्ये लावून, तुमच्याच गेममध्ये आकडे तुमच्यासमोर दाखवू. पटलं तरच घ्या. तपासणीला तासभर धरा. गेम मात्र घरूनच डाउनलोड आणि अपडेट करून आणा. हल्लीचे मोठे गेम १०० जीबीच्या घरात जातात, आणि दुकानात ते उतरवत बसलं तर तुमचा सगळा दिवस त्यातच जाईल.