तैलचित्र की ॲक्रेलिक? कोकणातल्या घरात कुठलं कुठे टांगावं

कॅनव्हासवरचं तैलचित्र आणि कॅनव्हासवरचं ॲक्रेलिक चार हातांवरून सारखंच दिसतं. प्रदर्शनातून चित्र घेताना बहुतेक जण विषय बघतात, आकार बघतात, सोफ्याच्या रंगाशी जमतंय का तेही बघतात. रंग कशात कालवलाय हे फारसं कोणी विचारत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथे माजघरात काय लावायचं आणि समोरच्या खोलीत काय, हे याच प्रश्नावर ठरतं.

तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, पण जाड थर आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. दमट, अंधाऱ्या, बंद खोलीत त्याहून जास्त. म्हणून तैलचित्रावर व्हार्निश चढवायला सहा महिने ते वर्षभर थांबायची पद्धत आहे. एप्रिलमध्ये पुरं झालेलं जाड रंगाचं तैलचित्र जूनमध्ये भिंतीवर लावलं तर पहिला पावसाळा ते अर्धकच्च्या अवस्थेत काढतं आणि धूळ त्यात कायमची रुतून बसते.

ॲक्रेलिकमध्ये रंग प्लास्टिकच्या बारीक कणांबरोबर पाण्यात मिसळलेला असतो. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. पातळ थराला अर्धा-एक तास पुरतो. पण हा पापुद्रा आपल्याकडच्या तापमानाला थोडा मऊच राहतो आणि मे महिन्यात कौलांखालच्या माडीवर आणखी मऊ होतो. त्याला काही टेकलं तर ते चिकटतं. तैलचित्र वय वाढेल तसं कडक आणि ठिसूळ होतं, ॲक्रेलिक लवचिक राहतं. पुढचे सगळे फरक इथून निघतात.

ओळखायचं कसं? कॅनव्हासच्या कडेला दिसणारा पांढरा जेसो, म्हणजे रंगाखाली दिलेलं अस्तर, बघून काही कळत नाही, तो दोन्हींखाली असतो. नवं तैलचित्र नाकाजवळ नेलं तर जवसाच्या तेलाचा वास कित्येक महिने येतो. तिरप्या उजेडात धरलं तर व्हार्निश नसलेल्या तैलचित्रात काही भाग चकचकीत, काही मुके दिसतात. ॲक्रेलिकची चकाकी बहुधा सगळीकडे सारखी असते. चित्र कॅनव्हासवरचं आणि १९५०च्या आधीचं असेल, म्हणजे पणजोबांच्या तसबिरीसारखं, तर ते तैलरंगातलंच धरून चालायला हरकत नाही, कारण पाण्यात मिसळणारे ॲक्रेलिक रंग चित्रकारांच्या हाती आले तेच १९५०च्या दशकाच्या मध्यावर. तरी नजरेवर फार विसंबू नये. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र जलरंगातलं आहे आणि कित्येक लोक आजही ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात. खात्रीचा मार्ग एकच: चित्रकाराकडून कॅनव्हासच्या मागच्या लाकडी चौकटीवर माध्यम, पूर्ण झाल्याची तारीख आणि व्हार्निश केलंय की नाही हे लिहून घ्या. तैलचित्र असेल तर पांढरा कोणता वापरलाय हेही विचारा. झिंकचा पांढरा काही वर्षांत ठिसूळ होऊन तडकतो आणि थरावरून सुटतो. टायटॅनियमचा बरा.

आता खोल्या. जुन्या घराचं माजघर अंधारं असतं आणि अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. आकाशाचा निळा हिरवट दिसायला लागतो, पांढऱ्यावर मळकट छटा येते. लोक म्हणतात रंग खराब झाला. तसं नसतं, चित्र काही आठवडे भरपूर उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या खोलीत ठेवलं तर पिवळेपणा बराचसा उतरतो. तरी दरवर्षी ही कसरत कशाला? माजघरात ॲक्रेलिक लावा. तैलचित्राला समोरची खोली द्या, जिथे उत्तरेचा किंवा सकाळचा उजेड येतो आणि खिडक्या रोज उघडतात. तैलरंगाच्या खोल, दाट सावल्या उजेडातच खुलतात, त्यामुळे हा सौदा सगळ्या बाजूंनी चांगला.

उघड्या ओटीवर किंवा पडवीत दोन्ही नकोत. स्वयंपाकघरात आणि देवघरात फोडणीची वाफ, समईची काजळी, उदबत्तीचा धूर. ॲक्रेलिकच्या मऊ पृष्ठभागात ही काजळी मुरते आणि मग ती निघत नाही. तिथे काचेच्या आत बसवलेलं कागदावरचं लहान चित्र लावावं.

भिंत निवडताना पावसाची झड येणारी बाजू, म्हणजे बहुधा पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची, सोडून द्या. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत पाणी पिते आणि ते आतल्या बाजूने चित्राच्या पाठीला देते. आतली, दोन खोल्यांमधली भिंत उत्तम. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून दीड-दोन सेंटिमीटर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवले की मागे हवा खेळते. पाठीवर प्लास्टिक चिकटवू नका, ओल आतच कोंडते. चिऱ्यात खिळा ठोकला तर भुगा पडतो, म्हणून ड्रिल करून रावळ प्लग आणि स्टेनलेसचा स्क्रू. किनाऱ्याजवळ खारी हवा लोखंडी हुक खाऊन टाकते.

जुलैत कॅनव्हास सैल पडलेला दिसतो. तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी ठोकायचा मोह होतो. ठोकू नका. डिसेंबरात कोरडी हवा आली की तोच कॅनव्हास आपोआप ताणतो आणि आधीच ठोकलेली पाचर त्याला जास्त खेचते. तैलचित्राच्या कोपऱ्यांत तिरप्या चिरा पडतात त्या अशाच. ॲक्रेलिक हा ताण बराच सोसतं.

बुरशी दोन्हींवर येते. ओली असताना पुसली तर ती पसरते. चित्र सावलीत, हवेशीर जागी पूर्ण सुकवा, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं कुठल्याच चित्राला लावू नका. आणि टवका उडालेल्या तैलचित्रावर हाताशी आहे म्हणून ॲक्रेलिकचा हात मारू नका. तेलावर ॲक्रेलिक धरत नाही, सोलून निघतं.

गणपतीपर्यंत बंद राहणाऱ्या घरांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. चाकरमानी मंडळी जूनमध्ये जाताना चित्रं प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कपाटामागे ठेवतात. तैलचित्र अंधारात पिवळं पडतं, ॲक्रेलिकवर बबलरॅपचे गोल ठसे उमटतात, कधी रंगच प्लास्टिकबरोबर उठून येतो, आणि दोन्हींवर बुरशी. चित्र आतल्या भिंतीवर टांगलेलंच राहू द्या, वरून धुतलेलं सुती कापड चौकटीवरून असं सोडा की ते रंगाला टेकणार नाही, आणि शेजाऱ्यांना उघडीप मिळेल तेव्हा दारं-खिडक्या उघडायला सांगा. अशा घरासाठी नवं चित्र करून घेणार असाल तर कॅनव्हासऐवजी मरीन प्लायवर ॲक्रेलिक मागा, आणि प्लायची मागची बाजू व कडाही प्रायमरने बंद करून घ्या.